थंडीतला 'गरम' सुगंध अंगाला नको, कपड्याला लावा



पौष महिना लागला की आपल्या तुळजापुरात पुन्हा गर्दी वाढते. देवीची मंचकी निद्रा संपते, शाकंभरी नवरात्राची घटस्थापना होते, आणि त्याच सुमारास घरोघरी संक्रांतीची हळदीकुंकवे सुरू होतात, ती थेट रथसप्तमीपर्यंत चालतात. हळद, कुंकू, तिळगूळ, वाण आणि हाताच्या पाठीवर अत्तराचे एक बोट. हा आपला हिवाळा.

याच दिवसांत दवाखान्यात एक ठरावीक तक्रार येते. उजव्या हाताच्या पाठीवर रुपयाएवढा लाल, खाजरा चट्टा. कुणाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, कुणाच्या कानामागे. संवादही ठरलेला असतो.

"डॉक्टर, हे गजकर्ण आहे का हो? मेडिकलमधून मलम आणून लावलं, दोन दिवस बरं वाटलं, परत आलं."

"ताई, चार-पाच दिवसांत कुठे हळदीकुंकवाला गेला होतात?"

"पाच घरी गेले होते. पण त्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि आज त्याबद्दलच लिहितो आहे. विषय आहे थंडीत लोक आवडीने लावतात त्या उबदार, मसालेदार सुगंधाचा. हिना, शमामा, ऊद ही आपली जुनी हिवाळी अत्तरे. आणि आता दुकानात 'विंटर' म्हणून मिळणारे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, व्हॅनिला अशा वासांचे परफ्यूम. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: सुगंध सोडू नका, पण तो कातडीवरून उचलून कपड्यावर न्या. आणि दुसऱ्याच्या अंगाला लावण्याआधी एकदा विचारा.

हा वास 'गरम' का वाटतो?

पुदिना खाल्ला की तोंड थंड वाटते. तोंडाचे तापमान मात्र उतरलेले नसते. पुदिन्यातला मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या नसांना चाळवतो आणि मेंदूची फसगत होते. लवंगेचे काम याच्या उलट. लवंगेतले युजेनॉल कोमट उष्णता ओळखणाऱ्या नसांना जागे करते. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड झोंबणाऱ्या गोष्टी ओळखणाऱ्या नसांना डिवचते. या नसा नाकातही असतात आणि कातडीतही. त्यामुळे असा वास घेतला की ऊब आल्यासारखे वाटते. शरीराचे तापमान मात्र होते तेवढेच राहते. तेव्हा 'थंडीचे अत्तर आहे, गरम असते, सर्दी होत नाही' असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्या. बाळाच्या छातीला अत्तर चोळून सर्दी जात नाही, पुरळ मात्र येऊ शकते.

हिवाळ्यात हेच वास का चांगले लागतात, याचेही साधे कारण आहे. वास म्हणजे हवेत उडणारे कण. लिंबू, मोसंबीचे कण हलके, चटकन उडून जाणारे. चंदन, ऊद, व्हॅनिला यांचे कण जड, सावकाश उडणारे. उन्हाळ्यात जड वास डोक्यात जातो, म्हणून तेव्हा वाळा आणि गुलाब बरा. थंडीत तोच जड वास बेताने पसरतो आणि दिवसभर टिकतो. ऋतू पाहून सुगंध निवडणाऱ्या आपल्या आजी-आजोबांची जाण पक्की होती.

काळ्या मसाल्याचे डबे आणि ऍलर्जीची यादी

आता मुद्द्याची गोष्ट. सुगंधाची ऍलर्जी तपासण्यासाठी जगभरातले त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून 'पॅच टेस्ट' करतात. त्यात आठ सुगंधी द्रव्यांचे एक मिश्रण फार वर्षांपासून वापरले जाते, कारण ऍलर्जी करणाऱ्या वासांत ती आठ वारंवार सापडली. त्या आठांपैकी दोन दालचिनीत सापडणारी आहेत. युजेनॉल लवंगेचे, आयसोयुजेनॉल त्याचे भावंड. आणि एक आहे ओकमॉस, म्हणजे ओक झाडाच्या सालीवर वाढणारे दगडफूल. आपल्या मसाल्यातले दगडफूल त्याच कुळातले, आणि ते हिना-शमामासारख्या अत्तरांतही पडते.

थोडक्यात, आपल्या काळ्या मसाल्याचा डबा उघडला की सुगंधाच्या ऍलर्जीची निम्मी यादी समोर असते.

इथे तुम्ही लगेच विचाराल: "डॉक्टर, दालचिनी-लवंग आम्ही रोज खातो. खाऊन काही होत नाही, मग लावून कसे होईल?"

प्रश्न रास्त आहे. दोन कारणे आहेत. पहिले, प्रमाण. पातेलेभर आमटीत दोन लवंगा वेगळ्या आणि लवंगेचे काढलेले तेल वेगळे. तेलात युजेनॉल भरभरून असते, तेच थेंब थेंब करून कातडीवर बसते. दुसरे, जागा. पोटातून आलेल्या गोष्टी अन्न म्हणून खपवून घ्यायला आपली प्रतिकारशक्ती सहसा शिकलेली असते. कातडीतून आत शिरलेली अनोळखी वस्तू मात्र तिला घुसखोर वाटू शकते. एकदा तिने तसे ठरवले की ती ओळख बहुधा जन्मभर टिकते. म्हणून 'दहा वर्षे हेच अत्तर लावते, आत्ताच कसे झाले' या बोलण्याला अर्थ नाही. ऍलर्जी दहाव्या वर्षीही सुरू होऊ शकते.

अजून एक लक्षात ठेवा. ही ऍलर्जी लगेच दिसत नाही. अत्तर आज लावले तर खाज उद्या-परवा सुटते. त्यामुळे दोष भलत्यालाच जातो: कधी तिळगुळाला, कधी नव्या साडीला, कधी गजकर्णाला.

'आमचे तर नैसर्गिक आहे, केमिकल नाही' असे विकणारा हमखास सांगतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. बिब्बाही नैसर्गिकच असतो. त्याचा डाग कातडीवर कसा उठतो हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

फळांचे वास: जुनी बाटली आणि कोवळे ऊन

या परफ्यूममध्ये मसाल्याच्या जोडीला फळांचा, विशेषतः संत्र्याच्या सालीचा वास असतो. त्या सालीच्या तेलात लिमोनीन असते. ताजे लिमोनीन फारसे त्रासदायक नाही. पण बाटली उघडी राहिली, हवा लागली की त्यातून जी नवी द्रव्ये तयार होतात, ती ऍलर्जी करण्यात बरीच पुढे असतात. म्हणजे गेल्या हिवाळ्यातली अर्धी उरलेली, झाकण सैल झालेली बाटली यंदा जपून वापरण्यापेक्षा टाकून देणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट उन्हाची. बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल अनेक परफ्यूममध्ये पडते. त्यातले बर्गाप्टेन काढून टाकलेले नसेल आणि कातडीवर ऊन पडले, तर लावल्या जागी काळपट डाग उठतो, कधी मानेवरून ओघळल्यासारखा पट्टा दिसतो. चांगल्या कंपन्या ते काढलेले तेल वापरतात. पण बिननावाच्या बाटलीत काय आहे कोण जाणे! आणि हिवाळ्यात आपण सकाळी उन्हात मान टाकूनच बसतो.

आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगाच्या कातडीवर ऍलर्जी बरी झाली तरी डाग मागे राहतो, कित्येक महिने राहतो. लग्न ठरायचे असलेली मुलगी मानेवरचा डाग ओढणीने झाकत दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी असते. 'नुसते अत्तर' म्हणून सोडून देण्यासारखा हा विषय नाही, तो यासाठी.

थंडीतच त्रास जास्त का?

आपले गाव बालाघाटच्या डोंगरावर. थंडीत हवा कोरडी, वारा बोचरा. त्यात कडकडीत पाण्याने अंघोळ आणि भरपूर साबण. कातडीवरचा तेलाचा थर धुऊन जातो. टाचा फुटतात, हातपाय पांढरे पडतात. कातडी ही घराच्या भिंतीसारखी असते. गिलावा निघाला की ओल आत येते. तसेच कोरड्या, भेगाळलेल्या कातडीतून सुगंधी द्रव्ये सहज आत जातात.

पुन्हा गंमत अशी की कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. म्हणून माणूस जास्त फवारतो. स्प्रेच्या परफ्यूममध्ये बराचसा भाग अल्कोहोल असतो, ते कातडी आणखी कोरडी करते. शिवाय आपल्या नाकाला स्वतःच्या अंगाचा वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. आपल्याला वाटते उडून गेला. शेजाऱ्याला विचारा, त्याचे डोके भणभणत असते!

तुमचा सुगंध, दुसऱ्याचा दमा

थंडीत एसटीच्या, जीपच्या काचा बंद असतात. हळदीकुंकवाला दहा बाय बाराच्या खोलीत वीस बायका, दार लोटलेले, उदबत्ती लावलेली. दर्शनाच्या रांगेत खांद्याला खांदा. अशा जागी तुमचा सुगंध तुमचा एकट्याचा राहत नाही.

दम्याच्या रुग्णाला उग्र वासाने खोकल्याची ढास लागू शकते, छाती भरू शकते. अर्धशिशी असणाऱ्याचे डोके उठते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत वासाने उलट्या होतात. ही माणसे रांगेतून बाहेर पडू शकत नाहीत आणि 'जरा लांब उभे राहा' असे देवीच्या दारात कुणाला सांगूही शकत नाहीत. तुम्ही दम्याचे रुग्ण असाल तर गर्दीत जाताना पंप पिशवीत नव्हे, खिशात ठेवा. आणि तुम्ही दम्याचे रुग्ण नसाल तर गर्दीत जाताना फवारा घरीच राहू द्या.

पोत आणि परफ्यूम

हा धोका आपल्या गावात विशेष आहे. आराधी, गोंधळी हातात पेटता पोत घेऊन नाचतात. दिवट्या, दिवे, कापूर तर जागोजागी. अल्कोहोलची वाफ हिवाळ्याच्या दुपारच्या तापमानालाही ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. डिओच्या दाबलेल्या डब्यात तर ब्यूटेन-प्रोपेन असतात, म्हणजे आपल्या गॅस सिलिंडरमधलेच वायू. म्हणून पोत, समई, शेगोटी, चूल यांच्याजवळ स्प्रे कधीही मारू नका. घरी मारलात तर पूर्ण वाळू द्या, मग बाहेर पडा.

स्वस्तात मिळतात म्हणून मुदत संपलेल्या बाटल्याही घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये नालासोपाऱ्यात एका घरात परफ्यूमच्या बाटल्यांवरची मुदतीची तारीख बदलताना स्फोट झाला आणि कुटुंबातले चौघे जखमी झाले. अशा तारखा बदललेल्या बाटल्या शेवटी तुमच्या-आमच्याच गावच्या बाजारात येतात.

आणि बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. रंगीत, गोड वासाची बाटली मूल तोंडाला लावते. त्यातल्या अल्कोहोलने लहान मुलाची रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते, मूल सुस्त पडते, झटकेही येऊ शकतात. असे झाले तर उलटी करवत बसू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

मग काय, सुगंध बंदच करायचा?

काही डॉक्टर तसे सांगतात. मला ते पटत नाही. कोविडच्या काळात ज्यांचा वास गेला होता, त्यांना विचारा. फोडणीचा वास येत नाही, नातवाच्या टाळूचा वास येत नाही, म्हणून माणसे रडकुंडीला आली होती. वास म्हणजे आठवण असते. आजोबांच्या कानातला हिन्याचा फाया पन्नास वर्षांनंतरही नातवाला आठवतो. ज्याला ऍलर्जी नाही त्याच्याकडून हे हिरावून घेण्याचा डॉक्टरला अधिकार नाही. युरोपातल्या पाहण्या सांगतात की सर्वसाधारण लोकांत सुगंधाची ऍलर्जी साधारण शंभरात एक-दोघांनाच असते. बाकीच्यांनी घाबरायचे कारण नाही.

पण माझ्या दोन मागण्या आहेत.

पहिली, बनवणाऱ्यांकडे. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर सगळा मालमसाला 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दात गुंडाळलेला असतो. युरोपात २००३ च्या कायद्याने ऍलर्जी करणारी २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक प्रमाणाच्या वर असली की नावानिशी छापणे बंधनकारक झाले, आणि २०२३ मध्ये ही यादी ८० च्या वर नेली गेली. तिथे विकायची बाटली असेल तर भारतीय कारखानदारालाही नावे छापावीच लागतात. मग तुळजापूरच्या बाईच्या कातडीला तेवढी किंमत का नसावी? पॅच टेस्ट करून 'तुम्हाला युजेनॉल चालत नाही' असे मी रुग्णाला सांगितले, तरी ते कोणत्या बाटलीत आहे हे तिला कळणार कसे?

दुसरी, आपल्या सगळ्यांकडे. हळदीकुंकवाला अत्तर लावताना आपण विचारत नाही, सरळ हात पुढे ओढतो. ज्या बाईला त्रास होतो ती 'नको' म्हणत नाही, कारण तो मानाचा प्रश्न होतो. घरी येऊन ती साबणाने हात घासते आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येते. यजमानीण बाईंनी फक्त एवढेच म्हणावे, "हाताला लावू की पदराला?" मान तोच राहतो, हात वाचतो.

एवढे करा

* अत्तर, परफ्यूम कपड्याला लावा: पदराच्या टोकाला, स्वेटरच्या किंवा जाकिटाच्या बाहेरच्या बाजूला. रेशमी साडीवर डाग पडू शकतो, आधी कोपऱ्यात पाहा. मानेशी घासणाऱ्या स्कार्फला किंवा मफलरला लावू नका.
* कानात फाया ठेवायचाच असेल तर तो थेट कातडीला टेकवू नका. त्यापेक्षा सदऱ्याच्या खिशात ठेवा.
* काखेत, दाढी केल्यावर गालावर, वॅक्सिंगनंतर, भेगांवर, इसबावर सुगंध नको. तान्ह्या बाळाला तर मुळीच नको.
* नवे अत्तर कातडीला लावायचेच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. खाज आली तर ते तुमचे नाही.
* अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे बिनवासाचे मलम लावा.
* दुसऱ्याला वाणात डिओ देण्याऐवजी तेच पैसे चांगल्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर खर्च करा. थंडीत ती जास्त उपयोगी पडेल.

चट्टा उठलाच तर

आधी ती वस्तू थांबवा. साध्या पाण्याने जागा धुवा, घासू नका. चिंध्या ओल्या करून गार घड्या ठेवा, खोबरेल लावा. हळद, लिंबू, चुना, टूथपेस्ट काहीही लावू नका. मेडिकलमधून मिळणारी 'तीन-चार औषधे एकत्र' असलेली मलमे स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात स्टिरॉइड असते, म्हणूनच दोन दिवस बरे वाटते. चेहऱ्यावर आणि मानेवर ती पुन्हा पुन्हा लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. आणि खरोखर गजकर्ण असेल तर ते चिघळते.

दोन-तीन दिवसांत उतार नसेल, पाणी सुटत असेल, डोळे सुजले असतील तर डॉक्टरांना दाखवा, आणि येताना वापरलेल्या सगळ्या बाटल्या, साबण, कुंकू, टिकल्या पिशवीत घालून घेऊन या. अर्धे निदान त्या पिशवीत असते. वारंवार होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवरच्या पट्ट्या दोन दिवस ठेवतात आणि नंतर पुन्हा एकदा तपासतात. दुखत नाही, फक्त ते दिवस पाठीवर पाणी घ्यायचे नाही. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर मात्र थांबू नका, लगेच तातडीच्या विभागात जा.

आयुर्वेदातल्या ऋतुचर्येतही हेमंतात अंगाला तेल चोळायला सांगितले आहे आणि अगरूचा लेपही सांगितला आहे. त्यातले तेल आपण विसरलो आणि सुगंध तेवढा बाटलीतून विकत घेतला. यंदा उलट करून पाहा: तेल अंगाला, सुगंध पदराला. देवीच्या रांगेत तुमच्या मागे उभा असलेला दम्याचा पोरगाही सुखाने श्वास घेईल.

संक्रांतीच्या आगाऊ शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि अत्तर लावण्याआधी विचारा.